मोठ्या कॅम फाईलमध्ये नेमकं ऑपरेशन कसं शोधायचं: नव्याने लागलेल्या प्रोग्रॅमरसाठी

संध्याकाळी पावणेआठला फोन येतो. ऑपरेटर म्हणतो, "साहेब, पेला डाबी बाजूना खांचामां मार्क आवे छे." त्या डावीकडच्या खाचेत मार्क येतोय. मशीन थांबलेलं, व्हाइसमध्ये कास्टिंग तसंच बांधलेलं. तुम्ही कॅमची, म्हणजे मशीनचा प्रोग्रॅम बनवायच्या सॉफ्टवेअरची, फाईल उघडता आणि स्क्रीनच्या डाव्या बाजूला ऑपरेशनचं, म्हणजे कापायच्या एकेका कामाचं, झाड उलगडतं: कॉन्टूर, पॉकेट, कॉन्टूर, ड्रिल, परत कॉन्टूर. खाली खाली जात राहिलात तरी संपत नाही. तळाशी आकडा दिसतो, २१४.

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) कुठल्याही जॉब शॉपमध्ये नवीन लागलेल्या मुलामुलींवर ही वेळ पहिल्या महिन्यातच येते. पंपाचं हाउसिंग, व्हॉल्व्हची बॉडी, ट्रान्सफॉर्मरचे भाग, डाय-मोल्ड, बडोद्याच्या आसपास हे काम भरपूर आहे आणि तीन-चार सेटअपचा (तीन-चार वेळा वेगळा बांधून कापायचा) एखादा भाग शंभर-दोनशे ऑपरेशन सहज खातो. बरेचदा ती फाईल तुम्ही बनवलेलीही नसते. ज्याने बनवली तो नोकरी सोडून गेलेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण झाड वरून खाली वाचायला लागतात. मीही दोन वर्षं तेच केलं. पण अडचण झाडाच्या लांबीची नाही. ऑपरेटर सांगतो ते मशीनच्या भाषेत: कुठलं टूल, कुठली बाजू, किती खोल. फाईलमधली नावं असतात सॉफ्टवेअरच्या भाषेत: कॉन्टूर, पॉकेट, सर्फेस फिनिश. या दोन्हींना जोडणारा दुवा धरलात की शोध दोन-तीन मिनिटांत आटोपतो. खाली लिहिलेली सगळी धडपड त्या दुव्यासाठी आहे.

एक खुलासा आधीच करतो. मी टी, एम, जी, एच ही कोडची अक्षरं इथे देवनागरीत लिहिली आहेत. फाईलमध्ये आणि कंट्रोलवर ती अर्थातच रोमन कॅपिटल दिसतील.

पायरी १: फोन ठेवण्याआधी चार गोष्टी विचारा

"डाबी बाजू" म्हणजे कोणाची डावी? ऑपरेटर मशीनच्या दारात उभा आहे, तुम्ही मॉडेल वरून बघताय, आणि दुसऱ्या सेटअपमध्ये भाग उलटा बांधलेला आहे. शब्दावर जाऊ नका. त्याला मशीन जिथे थांबलंय तिथेच ठेवायला सांगा आणि स्क्रीनवरून वाचायला लावा:

टूल नंबर कोणता आहे. जी५४ चालू आहे की जी५५, की पुढचा कुठला (भागाचं शून्य कुठे धरलंय ते सांगणारे हे कोड). आत्ता चालू असलेली ओळ काय आहे, तिचा एन नंबर (ओळीचा क्रमांक) असेल तर तो, आणि वर कंसात एखादी कॉमेंट दिसतेय का. चौथी गोष्ट म्हणजे पोझिशनच्या पानावरचे अॅब्सोल्यूट एक्स, वाय, झेड.

चौथी गोष्ट नवीन माणसं विचारतच नाहीत आणि तीच सगळ्यात पक्की असते. नावं चुकलेली असू शकतात, कॉमेंट जुनी राहिलेली असू शकते, पण टूल आत्ता कुठे उभं आहे हे खोटं असू शकत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, तो आकडा टूलच्या मध्याचा आहे. १० मिलिमीटरच्या एंडमिलने भिंत कापत असेल तर भिंत त्या बिंदूपासून ५ मिलिमीटर बाजूला असणार.

मार्क पुढच्या पीसवर कधी येतो हे ऑपरेटरला नीट सांगता येत नसेल, तर त्या टूलपासून सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करून, चालवून बघायला सांगा. पाच मिनिटं जातील, पण अंदाजावर तास जातो.

पायरी २: मशीनवरचा प्रोग्रॅम आणि तुमची फाईल एकच आहे ना

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण ती गाळू नका. सर्व्हरवर एकाच जॉबच्या "फायनल", "फायनल२", "फायनल नवीन" अशा तीन फाईली असतात. प्रोग्रॅमच्या सुरुवातीचा ओ नंबर (प्रोग्रॅमचा क्रमांक) आणि पोस्टने, म्हणजे कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये उतरवणाऱ्या भागाने, टाकलेली तारीख-वेळ ऑपरेटरकडून वाचून घ्या आणि तुमच्याकडच्या एनसी फाईलशी, म्हणजे त्या कोडच्या फाईलशी, ताडून बघा. शक्य असेल तर मशीनमधला प्रोग्रॅमच परत मागवा. रात्री कोणीतरी कंट्रोलवर फीड बदललेला असतो, कुठे एखादा एम०१ (मध्येच थांबायचा कोड) घातलेला असतो, आणि ते कॅममध्ये कधीच पोहोचलेलं नसतं.

फाईल मिळाली की लगेच तिची कॉपी करा आणि पुढचं सगळं त्या कॉपीत करा.

पायरी ३: आधी जी कोडमध्ये शोधा, झाड नंतर

इथे जरा थांबून सांगतो, कारण खरा वेळ इथेच वाचतो. कॅम सॉफ्टवेअर मोठी फाईल उघडायलाच वेळ घेतं. तोवर पोस्ट झालेली एनसी फाईल साध्या एडिटरमध्ये उघडून बघून होते. नोटपॅड प्लस प्लस चालेल, सिम्को एडिट असेल तर आणखी बरं.

समजा ऑपरेटरने टूल १ सांगितलं. तुम्ही शोधपेटीत टी१ टाकलं तर टी१० पासून टी१९ पर्यंत सगळी टूल सापडतील. एवढंच नाही, कॉमेंटमध्ये रोमन अक्षरांत "स्लॉट१" लिहिलेलं असेल तर त्याच्या शेवटची दोन अक्षरंही टी१ च असतात, तेही सापडेल. "पूर्ण शब्दच जुळवा" हा पर्याय लावलात की ही गर्दी जाते. पण पोस्टने टी१एम६ असं मध्ये जागा न सोडता छापलं असेल, तर पूर्ण शब्दाच्या शोधात ते सापडणारच नाही. कुठे टी०१ असं शून्य लावून येतं. म्हणून कुठल्याही अनोळखी फाईलमध्ये पहिला शोध टी चा करू नका. आधी एम०६, म्हणजे टूल बदलायचा कोड, शोधा, सापडलं नाही तर एम६ शोधा, आणि त्या पोस्टची लिहिण्याची पद्धत डोळ्यांनी बघून घ्या.

नोटपॅड प्लस प्लसमध्ये "चालू फाईलमधलं सगळं शोधा" असं बटन आहे. त्याने सापडलेल्या सगळ्या ओळी खाली एका यादीत येतात. एम०६ वर ही यादी काढलीत की दोन लाख ओळींच्या फाईलचा सांगाडा समोर येतो: कुठलं टूल कितव्या ओळीवर, कुठल्या क्रमाने, किती वेळा. यादीतल्या ओळीवर डबल क्लिक केलं की थेट तिथे जाता येतं.

इथे दोन फसव्या जागा आहेत. पहिली म्हणजे आगाऊ मागवलेलं टूल. ज्या मशीनवर आर्मचा टूल चेंजर आहे तिथे टी१२ एम०६ नंतर लगेच खाली नुसतं टी१५ दिसतं. ते टूल १५ कापत नाही, मॅगझीनने ते पुढच्या वेळेसाठी तयार ठेवायचं एवढाच त्याचा अर्थ. नुसत्या टी१५ वर शोधून तिथे पोहोचलात तर तुम्ही टूल १२ च्या कोडमध्ये उभे असता आणि तेच टूल १५ समजून वाचत बसता. त्यापेक्षा एच१५ शोधा. टूल लेंग्थचा जी४३ एच१५ हा टूल खरोखर स्पिंडलमध्ये आल्यावरच येतो, आणि बहुतेक शॉपमध्ये एच नंबर टूल नंबरएवढाच ठेवतात.

दुसरी फसवी जागा अशी, की एकामागून एक तीन ऑपरेशन एकाच टूलची असतील तर मध्ये टूल चेंज येतच नाही. म्हणजे एम०६ च्या यादीत ९० ओळी आणि झाडात २१४ ऑपरेशन, हे अगदी साहजिक आहे. एका टूल चेंजच्या पोटात पाच ऑपरेशन असू शकतात. त्यातलं नेमकं कोणतं हे कॉमेंटवरून कळतं. कॉमेंट नसेल तर झेडवरून.

झेडवरून शोधणं मला फार आवडतं, कारण खोली ड्रॉइंगवर असते. खाच १८.५ खोल आहे आणि झेड शून्य वरच्या फेसवर आहे, तर झेड-१८.५ शोधा. काही पोस्ट झेड-१८.५०० असं छापतात, पण तुमचा शोध त्याची सुरुवात असल्याने तेही सापडेल. मात्र फिनिशसाठी तळाला ०.१ सोडलेला असेल तर रफिंग (आधीची ढोबळ कापणी) झेड-१८.४ वर मिळेल. दोन्ही करून बघा. दोन्ही ओळी सापडल्या की रफिंग कुठे आणि फिनिशिंग कुठे हेही त्याच फेरीत कळतं. ड्रिल आणि टॅपसाठी (आटे पाडायला) सायकलचे कोडच पकडा: जी८१, जी८३, जी८४. टॅपिंगची ऑपरेशन कुठल्याही फाईलमध्ये मोजकीच असतात, जी८४ वर ती लगेच हाती लागतात.

झेड सापडतच नसेल तर एम९८, म्हणजे सबप्रोग्रॅम बोलावणारा कोड, आहे का बघा. सबप्रोग्रॅम असेल तर ती खोली दुसऱ्याच ओ नंबरखाली लिहिलेली असते. जी९१ असेल तर आकडे इन्क्रिमेंटल, म्हणजे आधीच्या जागेपासून मोजलेले, असतात आणि ड्रॉइंगवरच्या आकड्याशी जुळणार नाहीत.

हे सगळं फॅनुक पद्धतीच्या कंट्रोलचं झालं. सिमेन्सवर टूलला बहुधा नाव असतं आणि ते अवतरण चिन्हांत येतं, कॉमेंट अर्धविरामानंतर येते. हायडेनहाइनच्या संवादी भाषेत टूल कॉल हे शब्दच शोधायचे, तिथे एम०६ वर शोधाचा भार टाकू नका.

आता तुमच्या हातात काय आहे? टूल १२, जी५५, खोली १८.५, त्या टूलची फाईलमधली तिसरी पाळी, आणि तिच्या आधी-नंतरची टूल. एवढ्यावर झाडात जायचं.

पायरी ४: झाड वाचू नका, फिरवा

झाड उघडलं की पहिलं काम म्हणजे सगळ्या फांद्या मिटवा. मग फक्त जी५५ चा, म्हणजे दुसरा सेटअप उघडा. २१४ चे ६०-७० झाले.

पुढचं सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. एनएक्समध्ये ऑपरेशन नॅव्हिगेटरचे चार व्ह्यू आहेत आणि नवीन माणूस वर्षभर पहिल्याच व्ह्यूमध्ये काम करत राहतो. प्रोग्रॅम ऑर्डर व्ह्यू म्हणजे मशीनवर चालण्याचा क्रम. मशीन टूल व्ह्यू म्हणजे प्रत्येक टूलखाली त्याची सगळी ऑपरेशन. जॉमेट्री व्ह्यूमध्ये एमसीएस (शून्य आणि अक्षांची मांडणी) आणि वर्कपीसखाली, म्हणजे सेटअपप्रमाणे मांडणी असते. मेथड व्ह्यूमध्ये रफ, सेमी फिनिश, फिनिश, ड्रिल असे गट असतात. ऑपरेशन तीच असतात, फक्त रचना बदलते. ऑपरेटरने टूल १२ सांगितलं असेल तर मशीन टूल व्ह्यूमध्ये जा, टूल १२ उघडा, नऊ ऑपरेशन दिसतील. त्यातलं फिनिशिंगचं हवं असेल तर त्यांच्या मेथडचा कॉलम बघा, तीन उरतील. मग प्रोग्रॅम ऑर्डर व्ह्यूमध्ये परत जा आणि एनसी फाईलमध्ये आधी-नंतर जी टूल दिसली होती त्यांच्या मध्ये या तिघांपैकी कोणतं बसतं ते बघा. एक उरतं.

हीच चाल मास्टरकॅममध्ये वेगळ्या वाटेने जाते. टूलपाथ मॅनेजरमध्ये प्रत्येक ऑपरेशनखाली पॅरामीटर, टूल, जॉमेट्री आणि टूलपाथ अशा ओळी असतात. टूलपाथच्या ओळीत त्याचा आकार किलोबाइटमध्ये लिहिलेला असतो. तिकडे सहसा कोणी बघत नाही, पण तो आकार खूप काही सांगतो: ड्रिलचं ऑपरेशन इवलंसं असतं, थ्रीडी फिनिशिंगचं प्रचंड असतं. नाव काहीही असो, ५ केबीचं ऑपरेशन म्हणजे सर्फेसचं फिनिशिंग नव्हे. शिवाय फक्त निवडलेल्या ऑपरेशनचा टूलपाथ दाखवायचं बटन तिथेच वर आहे. ते दाबून ठेवा आणि बाणाच्या किल्लीने एकेक ऑपरेशन उतरत जा. मॉडेलवर एकावेळी एकच रेघ दिसते आणि डोळा लगेच पकडतो.

पॉवरमिलमध्ये टूलपाथच्या फोल्डरमध्ये शोधण्याआधी एनसी प्रोग्रॅम उघडा. फोल्डरमध्ये चाचणीचे टूलपाथही पडलेले असतात, पण मशीनवर जातो तो एनसी प्रोग्रॅममध्ये असलेलाच. फ्यूजनमध्ये एकाच जातीची दोन-तीन ऑपरेशन निवडून "कंपेअर अँड एडिट" केलं की त्यांची सेटिंग शेजारी शेजारी दिसतात. जुळ्या ऑपरेशनमधला फरक शोधायला हे उत्तम.

आणि नावावरूनही कळत नाही, टूलवरूनही उरत नाही, अशी वेळ आली तर अर्धे-अर्धे करा. ऑपरेटरने दिलेल्या एक्स, वाय, झेडवर मॉडेलमध्ये एक बिंदू टाका. मग सेटअपमधल्या पहिल्या अर्ध्या ऑपरेशनचे टूलपाथ दाखवा. बिंदूवरून रेघ जाते का? जात नसेल तर दुसरा अर्धा भाग घ्या. जात असेल तर त्याच भागाचे परत दोन तुकडे करा. २१४ ऑपरेशन असली तरी आठ फेऱ्यांत एकावर येता. एका बिंदूवरून रफिंग आणि फिनिशिंग दोन्ही जात असतील तर शेवटी दोन उरतील, त्यांचा निकाल टूल नंबर लावतो.

पायरी ५: सापडलं असं वाटलं तरी सिद्ध करा

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एका पंप हाउसिंगची फाईल आली. ग्राहकाने एका खाचेची खोली १२ वरून १२.३ केली होती. फाईलमध्ये कॉन्टूर, कॉन्टूर_कॉपी, कॉन्टूर_कॉपी_कॉपी अशी नावं होती, तिघांचं टूल एकच. मी मधलं उघडलं, खोली १२ दिसली, १२.३ केली, पोस्ट केलं आणि घरी गेलो. ती १२ ची खोली समोरच्या बाजूच्या ओ-रिंगच्या खाचेची होती. योगायोगाने दोन्ही १२ खोल होत्या. दोन कास्टिंग गेल्यावर तिसऱ्याला ऑपरेटरने डेप्थ गेज लावून बघितला म्हणून थांबलं. ओ-रिंगची खाच ०.३ जास्त खोल झाली की रिंग दाबली जात नाही, सील गळतं, आणि त्यावर धातू परत भरता येत नाही. ते दोन पीस भंगारात टाकताना त्या ऑपरेटरने मला एक शब्द सुनावला नाही, आणि तेच मला जास्त लागलं. आकडा जुळला म्हणजे ऑपरेशन जुळलं असं मी त्या दिवसानंतर कधी धरलं नाही.

म्हणून आता हे करतो. बदल करायच्या आधी त्या फाईलमधून काहीही न बदलता एकदा पोस्ट घेतो. मग बदल करतो, तेवढंच ऑपरेशन रिजनरेट करतो (त्याचा टूलपाथ नव्याने काढतो), परत पोस्ट घेतो आणि दोन्ही फाईल कंपेअरला लावतो. सिम्को एडिटमध्ये कंपेअर आहेच, नोटपॅड प्लस प्लसला त्याचं प्लगइन मिळतं. फरकाच्या सगळ्या ओळी टूल १२ च्या त्या तिसऱ्या पाळीतच आल्या पाहिजेत. एक ओळ जरी बाहेर दिसली तर थांबा. तुम्ही चुकीचं ऑपरेशन धरलंय, किंवा बरोबर धरलंय पण त्याच्यावर दुसरं काहीतरी अवलंबून आहे.

हे "दुसरं काहीतरी" बहुधा तीन प्रकारचं असतं. रेस्ट मशीनिंगचं (उरलेला धातू काढायचं) ऑपरेशन आधीच्या टूलने काय सोडलं यावर आखलेलं असतं, आधीचं बदललं की तेही शिळं होतं. ट्रान्सफॉर्म किंवा पॅटर्न असेल तर मूळ ऑपरेशन एकच असतं आणि चार जागी त्याच्या नकला असतात. तुम्हाला एक खाच बदलायची असते, बदलतात चारही. तिसरं म्हणजे जॉमेट्री: दोन ऑपरेशनने एकच चेन (निवडलेल्या कडांची साखळी) वापरलेली असते, तुम्ही चेन ओढली की दोन्ही हलतात.

काही बदलण्याआधी कुठल्या ऑपरेशनवर आधीच लाल खूण आहे, म्हणजे टूलपाथ शिळा झालाय, ते लिहून ठेवा. जुन्या फाईलमध्ये अशी असतातच. कोणीतरी मॉडेल सरकवलेलं असतं आणि टूलपाथ मुद्दाम जुना ठेवलेला असतो, कारण तो मशीनवर चाललेला आणि तपासलेला असतो. "सगळं रिजनरेट" दाबलंत की तो गेला, आणि नवा कसा चालेल हे कोणालाच माहीत नसतं. ते बटन परक्या फाईलमध्ये दाबायचं नाही, हे मी माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी सांगतो.

तेवढंच ऑपरेशन पोस्ट करून मशीनला देणार असाल तर त्याला वेगळा ओ नंबर द्या, आणि सुरुवातीला जी५५, स्पिंडल, जी४३ एच१२ आणि कूलंट आलेत का ते डोळ्यांनी बघा. मधूनच कापलेल्या तुकड्यात यातलं काहीतरी हटकून राहतं.

पायरी ६: पुढच्या फाईलला नावं नीट द्या

शोधायची वेळच कमी यावी यासाठी प्रोग्रॅम करतानाच दहा मिनिटं घालवा. माझी पद्धत अशी: क्रमांक, सेटअप, टूल, बाजू, जागा, काम. उदाहरणार्थ ०२३०-एस२-टी१२-एक्समायनस-खांचो-फिन. क्रमांकाला पुढे शून्य लावायचं, नाहीतर नावाप्रमाणे लावताना १० हा २ च्या आधी येतो. क्रमांक दहा-दहाने वाढवायचे, म्हणजे मध्ये नवीन ऑपरेशन घालता येतं. बाजूला डावी-उजवी लिहायची नाही, एक्स प्लस किंवा एक्स मायनस लिहायचं.

आणि जागेचं नाव? इथे माझं मत ठाम आहे: ऑपरेटर जे म्हणतो तेच लिहा. आपल्या शॉपमध्ये घरी मराठी बोलणारा प्रोग्रॅमर, गुजराती सुपरवायझर आणि हिंदी बोलणारा हेल्पर एकाच जॉबभोवती उभे असतात. आपण खाच म्हणतो, तो खांचो म्हणतो, सॉफ्टवेअर पॉकेट म्हणतं. रात्री फोनवर येणार आहे तो खांचो. याच शहरात सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, कलाभवन उभं राहिलं आणि तिथे तंत्रशिक्षण इथल्या लोकांच्या भाषेत देण्याचा विचार होता. कारागिराचा शब्द हा पुरेसा तांत्रिक शब्द आहे, हे इथे तरी कोणाला पटवावं लागू नये.

हे नाव फाईलमध्ये रोमन कॅपिटलमध्ये लिहा, कारण ते पोस्टमधून कॉमेंट होऊन कंट्रोलवर जायला हवं आणि कंट्रोलला देवनागरी किंवा गुजराती दिसत नाही. नावात कंस वापरू नका. फॅनुकवर कॉमेंटच कंसात असते, कंसाच्या आत कंस आला की अलार्म येऊ शकतो. पोस्ट प्रत्येक ऑपरेशनची कॉमेंट छापत नसेल, फक्त टूल चेंजला छापत असेल, तर पोस्ट सांभाळणाऱ्याकडून ते एकदा बदलून घ्या. पायरी ३ मधली निम्मी मेहनत त्या एका बदलाने संपते.

चाचणीची ऑपरेशन फाईलमध्ये मोकळी सोडू नका. एकतर काढून टाका, किंवा एका वेगळ्या गटात घालून त्यांची पोस्टिंग बंद करा.

सेटअप शीट

शेवटचं काम कागदाचं आहे. एनएक्समधून नॅव्हिगेटरची यादी स्प्रेडशीटमध्ये काढता येते, बाकी सॉफ्टवेअरना सेटअप शीटची सोय असते. त्यातून चार कॉलम ठेवा: क्रमांक, टूल, खोली, नाव. पाचवा कॉलम रिकामा सोडा आणि शीट मशीनला लावा. पहिला पीस चालताना ऑपरेटरला त्या रिकाम्या कॉलममध्ये पेनाने त्याच्या शब्दांत लिहू द्या, गुजरातीत, हिंदीत, जसं सुचेल तसं. आमच्याकडे एका शीटवर "छेल्लो नानो खांचो, अवाज करे छे" असं लिहून आलं होतं. शेवटची लहान खाच, आवाज करते. ते त्या ऑपरेशनचं नावच झालं, आणि आवाज का येतो हेही तेव्हाच बघितलं गेलं: टूल होल्डरबाहेर गरजेपेक्षा २० मिलिमीटर जास्त काढलेलं होतं.

फाईल बदलली की शीट नवीन छापा, पेनाने लिहिलेलं तिच्यावर उतरवून घ्या आणि जुना कागद मशीनजवळून स्वतः जाऊन काढून आणा. जुन्या शीटवरचा ०२३० नवीन फाईलमध्ये दुसऱ्याच खाचेचा असू शकतो.